मानससरोवरांतून नदी निघते काय ?

मानससरोवरांतून एखादी नदी बाहेर पडते कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां भूगोलवेत्त्यांचा आहे. परंतु त्याच्या निर्णयासाठीं जीं साधनें उपलब्ध आहेत त्यांतलीं बरींचशीं आमच्या व्यवसायाचीं आहेत : पुराणांच्या पोथ्या, काव्यें, यात्रेकरूंच्या हकीकती, जुने नकाशे आणि परदेशीय प्रवाशांचीं टिपणें. या साधनांत उघड विरोध दिसतो. कोणी म्हणतो नदी निघते, कोणी म्हणतो निघत नाहीं. त्यामुळें कांहीं विद्वानांनीं पुराणांस कल्पित ठरविलें, तर कांहीं श्रद्धाळूंनीं प्रवाशांस दोष दिला. सर्व साक्षी एकत्र मांडून पाहिल्यावर आमचा असा ग्रह झाला आहे कीं, यांतील बहुतेक साक्षीदार खरें बोलत आहेत ; मात्र ते वेगवेगळ्या सालीं बोलत आहेत, आणि वाचणारांनीं त्यांचीं सालें गाळलीं आहेत. हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विषयाकडे आम्ही वळलों तें आमच्याच एका चुकीमुळें. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां रघुवंशाचा तेरावा सर्ग लावण्याचा प्रसंग वरचेवर येई. लंकेहून पुष्पकांतून परतणारा राम सीतेला सरयू दाखवितो, आणि तेथें असें सांगितलें आहे कीं, जसें अव्यक्त हें बुद्धीचें कारण, तसें ब्राह्म सर हें या नदीचें कारण असल्याचें आप्तजन सांगतात. हें ब्राह्म सर म्हणजे मानस असा टीकाकाराचा खुलासा आहे. एका विद्यार्थ्यानें शंका काढली कीं, भिंतीवरच्या नकाशांत तर ही नदी त्या सरोवरास कोठेंच लागलेली नाहीं. आम्हीं ‘हा कविसंकेत’ असें म्हणून पुढचा श्लोक घेतला. उत्तर सोयीचें होतें, पण त्यांत दोन दोष होते. कालिदासानें स्वतःच्या अधिकारावर कांहीं न सांगतां आप्तवचनाचा हवाला दिला होता, आणि जेथें हवाला दिलेला असतो तेथें चौकशी करावयाची असते, हें आम्ही विसरलों, हा एक. आमच्या भिंतीवरचा नकाशा कोणत्या पाहणीवरून काढलेला, हें आम्हीं कधीं पाहिलेंच नव्हतें, हा दुसरा. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां ती चौकशी केली. तिचें फळ पुढें देत आहों.

प्रथम स्थलवर्णन. कैलासाच्या दक्षिणेस व गुर्ला मांधाता पर्वताच्या उत्तरेस दोन मोठीं सरोवरें शेजारीं शेजारीं आहेत. पूर्वेकडील मानस, तिबेटी लोकांचें मफम. पश्चिमेकडील राक्षसताल अथवा रावणह्रद, त्यांचें लंगक. मानसाचा विस्तार सुमारें १६० चौरस मैल, राक्षसतालाचा सुमारें १००. मानसाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारें १५,००० फूट असून राक्षसतालाची तिच्याहून ५० फुटांच्या आसपास खालीं आहे. दोहोंच्या मध्यें टेकड्यांची एक अरुंद पट्टी आहे, व ती फोडून सुमारें सहा मैल लांबीचें एक पात्र मानसाच्या वायव्य भागाकडून राक्षसतालास जातें. यास गंगा-छू म्हणतात. ‘छू’ म्हणजे पाणी. राक्षसतालाच्याही वायव्य टोकापासून एक जुनें, बहुधा कोरडें पात्र निघतें, आणि त्याच रोखानें कांहीं मैलांवर दुल्छू मठाजवळ झऱ्यांच्या रूपानें पाणी वर येतें. तेथून पुढें सतलज वाहते. हीच ऋग्वेदांतील शुतुद्री व पुढील ग्रंथांतील शतद्रु. ती पंजाबांत उतरते, बियास व चिनाब यांच्याशीं मिळते, आणि पंचनद या नांवानें सिंधूंत पडून अरबी समुद्रास जाते.

याच परिसरांत आणखी तीन महानद्यांचे उगम आहेत. सिंधु कैलासाच्या उत्तरेस उगम पावते, ब्रह्मपुत्र मानसाच्या आग्नेयीस, व कर्णाली राक्षसतालाच्या नैर्ऋत्येस. कर्णाली पुढें घाघरा होते आणि अयोध्येपाशीं तिलाच सरयू म्हणतात. तिबेटी परंपरा या चार नद्या चार मुखांतून निघाल्या असें मानते : सिंधु सिंहाच्या, सतलज हत्तीच्या, ब्रह्मपुत्र घोड्याच्या आणि कर्णाली मोराच्या. यांपैकीं दोन पश्चिम समुद्रास मिळतात, दोन पूर्व समुद्रास. दोन समुद्रांचें पाणी एवढ्या लहानशा प्रदेशांतून वांटलें जावें, ही गोष्ट जुन्या लोकांच्या मनावर ठसली असल्यास नवल नाहीं.

आतां ग्रंथांची साक्ष घेऊं. रामायणाच्या बालकांडांत विश्वामित्र रामास सांगतो कीं, कैलासावर ब्रह्मदेवानें मनानें निर्माण केलेलें मानस सर आहे व त्यांतून निघाली म्हणून ही सरयू. मत्स्यपुराणांत व वायुपुराणांत कैलासाच्या आसपासचीं सरोवरें एकामागून एक सांगून प्रत्येकांतून निघणारी नदी दिली आहे : मंद सरांतून मंदाकिनी, अच्छोदांतून अच्छोदा, लोहितांतून लौहित्य म्हणजे ब्रह्मपुत्र, आणि वैद्युत पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या मानसांतून सरयू. मत्स्यपुराण त्याच प्रकरणीं हेमकूटाच्या पाठीवर सर्पांचें एक सर सांगतें व त्यांतून निघालेल्या दोन नद्या पूर्व व पश्चिम अशा दोन्ही समुद्रांत शिरतात असें म्हणतें. बिंदुसरांतून निघालेल्या सात ओघांची कथा निराळी, आणि विष्णुपुराणांत मेरूवरून चार दिशांस जाणाऱ्या सीता, अलकनंदा, चक्षु व भद्रा या चार धारांचीही निराळी. बौद्ध ग्रंथांतील अनवतप्त सरोवर या शेवटच्या कल्पनेच्या जवळचें आहे. सातव्या शतकांत आलेला ह्युएनत्संग त्याच्या पूर्वेस वृषभमुखांतून गंगा, दक्षिणेस गजमुखांतून सिंधु, पश्चिमेस अश्वमुखांतून वक्षु व उत्तरेस सिंहमुखांतून सीता निघाल्याचें लिहितो. पुराणांतील ‘चक्षु’ हें मूळचें ‘वक्षु’ होय, हें पुष्कळांस मान्य आहे. च आणि व यांचा घोटाळा किती सहज होतो हें पोथ्या हाताळणारांस सांगावयास नको.

या सर्वांची सरमिसळ करूं नये. मेरूवरच्या चार धारा हें जगाच्या रचनेचें चित्र आहे. चार दिशांस चार नद्या हव्यात म्हणून त्या तेथें आहेत. मत्स्य-वायूंतील सरोवरांची यादी मात्र वेगळ्या जातीची दिसते. तिच्यांत दिशांची सममिति नाहीं, आणि लहानसान पर्वत, वनें, सरें यांचीं नांवें ओळीनें येतात. वाटेनें गेलेल्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावांचून अशी यादी सहसा तयार होत नाहीं. तेव्हां ‘मानसांतून नदी निघते’ हें विधान चित्र म्हणून सोडून न देतां साक्ष म्हणून तपासलें पाहिजे.

तपासण्यासाठीं सरोवर व नदी यांचा सामान्य नियम ध्यानांत घ्यावा लागतो. सरोवरास मिळणाऱ्या नद्या कितीही असोत, त्यांतून निघणारी बहुधा एकच असते. सायबेरियांतील बैकल सरोवरास तीनशेंहून अधिक प्रवाह मिळतात, पण बाहेर पडते ती एकटी अंगारा ; ती येनिसे नदीस मिळून उत्तर समुद्रास जाते. याचें कारण साधें आहे. पाणी चढत चढत कांठावरील सर्वांत सखल जागेवरून सांडूं लागतें, सांडतां सांडतां ती जागा अधिक खोल कापतें, आणि मग दुसरीकडे सांडण्याचें त्यास प्रयोजन राहत नाहीं. म्हणून एका सरोवरांतून चार नद्या निघतात हें वर्णन, किंवा सर्पसरांतून दोन समुद्रांस दोन नद्या जातात हें वर्णन, शब्दशः घेणें कठीण आहे. दुसरा नियम मिठाचा. नद्या आपल्याबरोबर थोडे क्षार आणतात. सरोवरास निर्गम असेल तर ते वाहून जातात. नसेल तर पाण्याची वाफ होते व क्षार मागें राहून सांचतात. यामुळेंच कास्पियन खारा झाला, आणि तिबेटच्या उत्तर पठारावरील पुष्कळ सरोवरेंही अशींच खारीं आहेत. मानसाचें पाणी मात्र गोडें आहे. राक्षसतालाचें किंचित् खारट म्हणतात, तरी त्या बंद सरोवरांशीं त्याची तुलना होत नाहीं. अर्थात् या दोहोंतून पाणी कोणत्या ना कोणत्या वाटेनें बाहेर जात असलें पाहिजे, निदान फार जुना नव्हे अशा काळापर्यंत जात असलें पाहिजे.

यानंतर नकाशे. चीनच्या कांग्ही बादशहानें १७१७ च्या सुमारास गणित शिकलेले दोन लामा तिबेटच्या पाहणीस धाडले. तेथें झुंगार सैन्य शिरल्यामुळें त्यांना घाईनें परतावें लागलें, व कैलासाकडील बराच भाग त्यांनीं मठांतून विचारून भरला. त्यांच्या नकाशांत दोन सरोवरें एका प्रवाहानें जोडलेलीं असून पश्चिमेकडील सरोवरांतून एक नदी पश्चिमेस जाते. तिला गंगा म्हटलें आहे. फ्रान्समध्यें दान्व्हीलनें १७३७ च्या चीनच्या नकाशासंग्रहांत व पुढें बंगालच्या रेनेलनें आपल्या हिंदुस्थानच्या नकाशांत तेंच घेतलें. १८०८ त कॅप्टन वेब, रेपर व हिअर्सी हे गंगोत्रीच्या मार्गानें गेले, आणि गंगा हिमालयाच्या अलीकडेच उगम पावते हें ठरलें. कोलब्रुकनें १८१० त त्यावर निबंध लिहिला. तेव्हांपासून लामांचा नकाशा चुकीचा ठरला तो ठरलाच. पण राक्षसतालांतून पश्चिमेस जाणारी रेघ सतलजेच्या जागीं ठेवून पाहिली तर ती बरोबर बसते. लामांचें पाणी चुकलें नव्हतें, नांव चुकलें होतें. दोन सरोवरांमधल्या पात्रास गंगा-छू म्हणतात, त्यावरून हा घोटाळा झाला असावा असा आमचा तर्क आहे.

याहून बोधप्रद प्रकार टीफेनथालर या जेझुइट पंडिताचा. याच्या हिंदुस्थानवर्णनाबरोबर छापलेल्या एका नकाशांत, जो एतद्देशीयांच्या माहितीवरून झाला होता, राक्षसतालांतून निघणाऱ्या प्रवाहावर ‘सतलज, पंजाबाकडे जाते’ अशा अर्थाचा शेरा आहे. पाद्रीबाबांनीं खालीं जोडलें कीं, यावर फारसा भरंवसा ठेवतां येत नाहीं. ही नदी अलकनंदेस मिळत असण्याचा संभव अधिक. म्हणजे अनाम यात्रेकरूची माहिती बरोबर होती आणि विद्वानाची दुरुस्ती चूक. सुदैवानें त्यानें मूळ शेरा खोडला नाहीं, आपली शंका वेगळी लिहिली. म्हणून आज आपणांस दोन्ही पाहतां येतात. संपादकानें मूळ पाठ राखून आपलें मत बाजूस लिहावें, याला याहून चांगला दृष्टांत आम्हांस ठाऊक नाहीं. त्याच शतकांत, १७६१ च्या सुमारास, चिनी ग्रंथकार छी चाओनान यानेंही नद्यांच्या मार्गांवरील आपल्या ग्रंथांत सतलजेचें पाणी मानसांत येऊन त्यांतून लंगकांत व तेथून पश्चिमेस जातें असें वर्णन केलें होतें.

मग प्रत्यक्ष पाहणारे आले. १८१२ च्या ऑगस्टांत विल्यम मूरक्रॉफ्ट हा हिअर्सीस घेऊन गोसाव्याच्या वेषांत मानसावर पोंचला. स्वतः ‘मायापुरी’ व सोबती ‘हरगिरी’ अशीं नांवें त्यांनीं घेतलीं होतीं. प्रकृति बिघडलेली असतांही त्यानें पश्चिम कांठ पायीं धुंडाळला, पण बाहेर जाणारा प्रवाह त्यास सांपडला नाहीं. यावर त्याच्या बरोबरच्या एका वृद्ध पंडितानें सांगितलें कीं, सोळा वर्षांपूर्वीं आपण येथें आलों तेव्हां मानसांतून राक्षसतालास जाणारा ओढा पुलावरून ओलांडला होता. पंडिताच्या स्मृतीचा दोष म्हणून ही गोष्ट झटकणें सोपें होतें. परंतु लडाखच्या एका माणसानेंही सांगितलें कीं, प्रवाह होता, तो आठ वर्षांपूर्वीं आटला व त्याचें पात्र भरून आलें. मूरक्रॉफ्टनें स्वतःस जें दिसलें नाहीं तेंही लिहिलें आणि त्याविरुद्ध जें ऐकलें तेंही लिहिलें. हा त्याचा मोठेपणा होय.

चौतीस वर्षांनीं, १८४६ च्या ऑक्टोबरांत, हेन्री स्ट्रॅची त्याच जागीं गेला. त्याला शंभर फूट रुंद व तीन फूट खोल असा जोरानें वाहणारा प्रवाह मानसांतून राक्षसतालाकडे जातांना आढळला. तेव्हां पंडिताची सोळा वर्षांपूर्वींची आठवण खरी ठरली, आणि मूरक्रॉफ्ट खोटा ठरला नाहीं. १९०४ त रायडर व रॉलिंग आले तों मानसाचें पाणी पात्रांत येत नव्हतें. पावसाळ्यांत पाणी चढलें म्हणजे वाहतें, असें तेथील लोकांनीं सांगितलें. १९०७ त स्वेन हेडिननें होडींतून मानसाची खोली मोजली. ती २६८ फुटांपर्यंत भरली. त्याच्या वेळींही वरून प्रवाह नव्हता. मात्र गोड्या पाण्याच्या पुराव्यावरून पाणी जमिनीखालून पाझरत जातें, राक्षसतालांतूनही तसेंच जातें व तेंच पुढें सतलजेच्या झऱ्यांत वर येतें, असें अनुमान त्यानें केलें, आणि छी चाओनानच्या जुन्या ग्रंथाचा आधार घेतला. त्यापुढें १९३० नंतरच्या दशकांत स्वामी प्रणवानंद तेथें वारंवार गेले, वर्षभर राहिलेही. त्यांना गंगा-छू वाहतांना दिसली. सतलजेचें मूळ मानसाच्या पूर्वेकडील हिमनदींत मानावें हें हेडिनचें मत त्यांनीं मान्य केलें नाहीं. तिबेटी परंपरेप्रमाणें दुल्छूचे झरे हेंच तिचें मुख असें त्यांचें म्हणणें. परंतु दोन सरोवरें व सतलज यांचा संबंध दोघांसही दिसत होता.

हीं सालें ओळीनें लावली म्हणजे कलह मिटतो. १७९६ च्या सुमारास प्रवाह आहे. १८०४ च्या सुमारास आटतो. १८१२ त नाहीं. १८४६ त भरपूर आहे. १९०४ व १९०७ त नाहीं. १९३० नंतर पुन्हां आहे. सरोवराची पातळी पाऊस व हिम यांच्या मानानें थोडी चढते, थोडी उतरते. उंबरठ्यापर्यंत पाणी आलें कीं द्वार उघडतें, खालीं गेलें कीं मिटतें, आणि वाळू त्यास अडवून धरते. द्वार मिटलें तरी झिरपणें चालूच राहतें. गंमत अशी कीं, भूमीखालून जाण्याची कल्पनाही आपल्या जुन्या साधनांस अपरिचित नव्हती. ह्युएनत्संग सीता नदीविषयीं सांगतांना ती जमिनींत गुप्त होऊन दूर चीन देशांत पुन्हां प्रकटते असें लोकमत नोंदवितो. तें मत त्या नदीस लागू नसेल, पण असा व्यवहार पाणी करतें हें लोकांनीं पाहिलें होतें.

राहिली सरयू. मानसांतून निघणारें पाणी सतलजेस जातें, कर्णालीस नव्हे. मध्यें गुर्ल्याचा घाट आडवा आहे. तेव्हां रामायण व पुराणें यांचें विधान नदीच्या नांवापुरतें आज सिद्ध करतां येत नाहीं, हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. अयोध्येकडून कर्णालीच्या खोऱ्यानें वर जाणारा यात्रेकरू घाट चढला कीं समोर एकदम सरोवरें पाहतो. ज्या नदीच्या कांठानें आपण आलों ती यांतूनच निघाली असें त्यास वाटलें असेल, हा संभव आम्हांस सर्वांत सरळ दिसतो. लामांनीं सतलजेला गंगा म्हटलें, तसेंच हें झालें. सरोवरांतून पाणी बाहेर जातें ही साक्ष खरी. तें कोणत्या नदीस मिळतें हें अनुमान. साक्ष आणि अनुमान हीं एकाच वाक्यांत शिवलेलीं असतात व तीं उसवून पाहावीं लागतात. येथें शब्दव्युत्पत्तीचाही एक भाग आहे. वैयाकरण सरस् आणि सरयू हे दोन्ही शब्द सृ, म्हणजे सरणें, या धातूपासून साधतात. आपण सर म्हणजे सांचलेलें पाणी समजतों. शब्द करणारांनीं त्यांतही गति पाहिली.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आज उत्तर द्यावयाचें झालें तर आम्ही असें देऊं : कालिदासाच्या आप्तजनांनीं सरोवराविषयीं खरें सांगितलें, नदीविषयीं ते चुकले, आणि तुझा नकाशा ज्या वर्षीं पाहणी झाली त्या वर्षापुरता खरा आहे. हें उत्तर वर्गांत दिलें असतें तर तासभर अधिक गेला असता, पण एका मुलाला ग्रंथ कसा वाचावा हें कळलें असतें.

शेवटीं पोथीसंग्राहकांस एक विनंति. आकाशांतून पृथ्वीचीं चित्रें घेण्याची नियमित सोय १९७२ पासून झाली. सरोवराची वाढघट आतां घरबसल्या मोजतां येते. परंतु या मोजणीची स्मृति पन्नास-पंचावन्न वर्षांची आहे. त्यापूर्वींच्या शतकांत पाणी केव्हां चढलें, केव्हां उतरलें, हें सांगणारे थोडे प्रवासी सोडले तर उरतात ते यात्रेकरूच. १९६२ पासून १९८१ पर्यंत हिंदी यात्रेकरूंस तो मार्ग बंद होता. त्या आधींचा साक्षीदार आतां हयात सांपडणें कठीण, कागद मात्र असूं शकतात. बाडांतून ज्या तीर्थयात्रांच्या याद्या, मुक्कामांचीं टिपणें, गोसाव्यांच्या हकीकती असतात, त्यांना दानपत्राचें किंवा राजकीय पत्राचें मोल नाहीं म्हणून आपण त्या बाजूस ठेवितों, कधीं रद्दींतही घालतों. त्यांत ‘अमुक ठिकाणीं ओढा उतरलों’, ‘पूल नव्हता’, ‘पात्र कोरडें’ अशी एक ओळ निघाली, आणि तिच्यावर शक व मिति असली, तर ती या प्रश्नावर एका प्रवाशाच्या ग्रंथाइतकी मोलाची आहे. मूरक्रॉफ्टच्या पंडितानें आपली आठवण कागदावर लिहिली नव्हती. दुसऱ्यानें ती ऐकून टिपली म्हणून ती वांचली. ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील त्यांनीं तीं चाळून पाहावींत, सांपडलेली ओळ जशीच्या तशी उतरून घ्यावी, आणि ती आपल्या समजुतीशीं जुळत नसली तरी दुरुस्त करूं नये.